मिक्सवर अभिप्राय मिळवून देणारं ॲप: वर्षाची वर्गणी भरून वापरल्यानंतर

वर्गणी आपोआप पुढे सरकली आणि कार्डावरून पैसे गेले, म्हणून हे लिहायला मुहूर्त लागला. 'सदस्यत्व बंद करा' हे बटण मी मुदतीच्या आत दाबलं होतं. ग्राहक सेवेचं म्हणणं असं, की बटण दाबल्यावर एक ईमेल येतो आणि त्यातल्या लिंकवर पुन्हा दाबल्याशिवाय सदस्यत्व बंद धरत नाहीत. पैसे घेताना अशी दोन-दोनदा खात्री करून घेतल्याचं मला तरी आठवत नाही. भांडण अजून चालू आहे, त्यामुळे ॲपचं नाव लिहीत नाही.

घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांना पद्धत माहीत आहेच: दुसऱ्यांची मिक्सं (वेगवेगळी रेकॉर्ड केलेली वाद्यं आणि आवाज जुळवून केलेलं गाणं) ऐकून अभिप्राय लिहा, क्रेडिटं कमवा, ती खर्चून आपलं ऐकवून घ्या. मी राहतो नॅशव्हिलच्या बाहेर, म्हणजे अमेरिकेतल्या कंट्री संगीताच्या राजधानीशेजारी. इथे राहून कंट्री गाण्याच्या अभिप्रायासाठी ॲपला पैसे देणं म्हणजे कोकणात राहून नारळ ऑनलाइन मागवणं. पण ज्याचा तो धंदाच आहे, त्याला फुकट ऐकायला सांगणं बरं दिसत नाही. आणि ओळखीचे लोक इतके सज्जन, की 'साउंड्स ग्रेट' च्या पलीकडे कोणी जातच नाही.

आमचं सामान साधं आहे. अकूस्टिक गिटार, डबल बेस (उभं धरून वाजवायचं मोठं, खर्जाचं तंतुवाद्य), ब्रशने वाजवलेला स्नेअर ड्रम, एक खर्जातला पुरुषी आवाज आणि शेजारच्या निवृत्त आजोबांची पेडल स्टील (आडवी ठेवून, तारांवर पोलादी दांडी सरकवून आणि पेडलं दाबून वाजवायची गिटार). मिक्स हवं होतं जुन्या वळणाचं, उबदार. इथेच ॲपचा तो दोष आडवा आला, ज्यावर मी आता लांबण लावणार आहे.

एकाच गाण्याच्या दोन प्रती तुलनेला ठेवल्या, तर प्लेअर त्यांच्या आवाजाची पातळी जुळवत नाही.

क्षुल्लक वाटतं ना? पहिल्या प्रतीला लोकांनी 'थंड', 'पातळ' म्हटलं. दुसरीला 'आता कशी ऊब आली' म्हणून पाठ थोपटली. मला शंका आली, म्हणून पुढच्या गाण्याला मुद्दाम एकाच मिक्सच्या दोन प्रती चढवल्या. एक होती तशी, दुसरी अडीच डेसिबलने मोठी. ईक्यू (खालचे-वरचे सूर कमी-जास्त करणं) नाही, कॉम्प्रेसर (आवाजातले चढउतार दाबणं) नाही, नुसता गेन, म्हणजे एकूण आवाज, वाढवलेला. अभिप्राय आले: दुसरीत बेस गोल झालाय, गायक जवळ आलाय, टेपवर रेकॉर्ड केल्यासारखं वाटतंय. एकाने तर कुठला प्लगइन (आवाजावर प्रक्रिया करणारं जोड-सॉफ्टवेअर) वापरला ते विचारलं.

यात ऐकणाऱ्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. १९३३ साली बेल लॅब्समधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवलं, की हळू आवाजात खालच्या फ्रिक्वेन्सी आपल्याला मधल्यांच्या मानाने कमी ऐकू येतात आणि आवाज वाढवला की त्या भरून येतात. म्हणजे नुसता फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) वर केला तरी कान 'ऊब' असाच निकाल देणार. हे सगळ्या स्ट्रीमिंगवाल्यांना ठाऊक आहे. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगवर सगळी गाणी उणे १४ लफ्सच्या (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक) आसपास आणून ठेवतं. आणि ज्यांचा धंदाच तुलना करण्याचा, त्यांच्या प्लेअरला ते जमत नाही! तक्रार केली तर उत्तर आलं, 'कलाकाराने ठेवलेली पातळी आम्ही बदलत नाही.' वा. कलाकाराची फाइल चढवताना तिची कमी दर्जाची एमपीथ्री करता, तेव्हा कलाकार कुठे जातो?

इथपर्यंत लिहिलं असतं तर मी एकच तारा दिला असता. पण उपाय फुकटात सापडला आणि मग माझं मतही थोडं हललं. यूलीनचा लाउडनेस मीटर फुकट मिळतो. प्रत्येक प्रत त्यावर मोजून उणे १६ लफ्सला आणायची आणि वर्णनात तसं लिहायचं. सोबत प्रश्नही एकच विचारायचा. 'कसं वाटतंय?' असं मोघम विचारलं की उत्तरही मोघम येतं. 'दुसऱ्या कडव्यात शब्द कळतात का?' असं विचारायला लागल्यापासून अभिप्रायांचा नूर बदलला.

कोणीतरी नेमकं १ मिनिट १२ सेकंदांवर बोट ठेवलं: स्टील गायकाच्या ओळीवर चढतेय. मी ईक्यूने स्टीलचा एक ते तीन किलोहर्ट्झचा पट्टा कापत बसलो होतो, कारण शब्दांची स्पष्टता बरीचशी तिथेच असते. त्याने लिहिलं, कापू नकोस, ओळ संपल्यावर येऊ दे. आजोबांना ते वाचून दाखवलं. ते म्हणाले, "व्हॉल्यूम पेडल त्यासाठीच असतं." नव्या टेकमध्ये स्टील गायकाचा श्वास संपल्यावर हळूच वर येते. एकही प्लगइन लागला नाही.

दुसरा अभिप्राय बेसवर. डबल बेसच्या सर्वांत खालच्या तारेचा सूर साधारण ४१ हर्ट्झचा, फोनच्या स्पीकरवर तो मूळ सूर येतच नाही. मी तो भरून काढायला दोनशे हर्ट्झच्या आसपास वाढवत होतो. तिथे गिटारचं पोट आणि गायकाचा खर्ज आधीच दाटीवाटीने बसलेले, त्यामुळे ऊब राहिली बाजूला आणि नुसता चिखल झाला. एका सदस्याने जुनी इथलीच युक्ती सांगितली. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून नॅशव्हिलच्या स्टुडिओंत डबल बेसच्या जोडीला सहा तारांच्या इलेक्ट्रिक बेसवर, तारा तळहाताने दाबून, पिकने तीच चाल वाजवत. याला टिक-टॅक बेस म्हणतात आणि नॅशव्हिलचे स्टुडिओ गिटारवादक हॅरल्ड ब्रॅडली यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. पिकचा टकटक आवाज छोट्या स्पीकरवरही पोचतो, आणि खालचा गोलवा डबल बेसकडेच राहतो. गिटारचे २५० हर्ट्झ तीन डेसिबलने उतरवले, गायकाच्या आवाजाचे तसेच ठेवले. सरसकट सगळीकडून २५० कापायला सांगणारे अभिप्राय ढिगाने येतात, ते सोडून द्या. सगळीकडून कापलं तर उबदार राहायला उरतं काय?

अभिप्राय देण्याच्या बाजूबद्दल थोडंच लिहितो. किमान अक्षरांची अट आहे, त्यामुळे लोक तेच वाक्य फिरवून फिरवून लिहितात. आधी दोन कौतुकं, मग एक टीका, मग परत कौतुक, ही इथली रीत. मला ते जमत नाही. मी सेकंद लिहितो, वाद्य लिहितो, कशावर ऐकलं ते लिहितो आणि कशाला हात लावू नका तेही लिहितो. शेवटची गोष्ट फार कमी लोक लिहितात. एका मुलीचं मिक्स ऐकलं, त्यात बोटं तारेवरून घसरल्याचा आवाज होता. बाकीच्यांनी 'स्वच्छ कर' म्हटलं होतं. मी 'ठेव' म्हटलं. तिने ठेवला. त्या अभिप्रायाला ॲपने मला 'उपयुक्तता कमी' असा शेरा दिला, कारण अक्षरं कमी पडली.

जादा पैसे भरून मिळणारा 'तज्ज्ञ अभिप्राय' घेऊ नका. मला आलेल्या उत्तरात पूर्ण ड्रमसेटच्या वर लावायच्या ओव्हरहेड माइकबद्दल परिच्छेद होता. आमच्याकडे एक स्नेअर आहे, एका माइकवर. तेवढ्या पैशांत रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरचा ६० डॉलरचा परवाना येतो आणि तो पुढच्या आवृत्तीलाही चालतो.

याउलट सांगलीचा आतेभाऊ. त्याचा मंडप आणि साऊंडचा धंदा. त्याला व्हॉट्सॲपवर फाइल पाठवली, तर वरातीच्या गडबडीतून व्हॉइस नोट आली: "दादा, वाजवणारी समदी म्होरं अन् गाणारा मागं का बसलाय रं? त्याला पुढं आण की." इंग्रजी शब्द त्याला निम्मे कळले नसतील, पण ते ऐकू येत नाहीत एवढं नक्की कळलं. कंट्रीत गोष्ट शब्दांत असते, बाकी सगळं तिच्या मागे. गायकाचा आवाज दीड डेसिबल वर घेतला आणि त्यानंतर ॲपवर गायकाबद्दल तक्रार आलेली नाही. त्याने किमान अक्षरांची अट पाळली नाही आणि पैसेही घेतले नाहीत.

एकूण पाचात तीन तारे. त्यातला एक टिक-टॅक बेस सांगणाऱ्या त्या अनोळखी सदस्याचा आहे, ॲपचा नव्हे. घ्यायचंच असेल तर दोन-तीन गाणी तयार ठेवून एका महिन्याचं घ्या, वर्षाचं अजिबात नको. पातळी स्वतः मोजा.

पैशांचं म्हणाल तर शेवटच्या ईमेलमध्ये त्यांनी निम्मी रक्कम क्रेडिटच्या रूपात परत करायची तयारी दाखवली आहे. मी म्हटलं, ती कार्डावर द्या. ते म्हणाले, धोरणात बसत नाही. मग ती क्रेडिटं दुसऱ्या कुणाच्या नावावर करता येतील का तेही विचारून झालं. नाही येत.