72 टक्के काम झालं, पण कशाचं?

बांधकाम चालू असलेल्या इमारतीत फ्लॅट घेतलाय आणि दर महिन्याला बिल्डरच्या ॲपमध्ये रंगीत आलेख बघताय, अशा सगळ्यांसाठी हे लिहितोय. आमचे 7 लाख 14 हजार रुपये अशाच एका आलेखापायी वेळेआधी गेले.

प्रकल्प पिंपरी-चिंचवडच्या हद्दीतला. पार्किंगवर 14 मजले, म्हणजे 15 स्लॅब. फ्लॅट 68 लाखांचा, करार रीतसर नोंदवलेला. महाराष्ट्राच्या रेरा (घर खरेदीदारांसाठीचा स्थावर मालमत्ता कायदा) नियमांतल्या नमुना करारात पैसे मागायचे टप्पे ठरलेले आहेत. करारानंतर जास्तीत जास्त 30 टक्के, प्लिंथ (जोतं) झाल्यावर एकूण 45, सगळे स्लॅब झाल्यावर 70, असं चढत जाऊन शेवटचे 5 टक्के ताबा देताना. त्यातले 45 ते 70 हे 25 टक्के आमच्या करारात पंधरा स्लॅबवर समान वाटलेले होते.

नऊ स्लॅबचे पैसे बँकेने दिले होते. मग एकदम पत्र आलं: ‘प्रकल्प 72% पूर्ण, सबब स्लॅब टप्प्याची उर्वरित 10% रक्कम 15 दिवसांत भरावी.’ 6 लाख 80 हजार, वर 5 टक्के जीएसटी. सोबत डॅशबोर्डची प्रिंट होती. अर्धवर्तुळाकार मीटर, काटा हिरव्या पट्ट्यात. खाली महिन्यांचे चढते खांब आणि ड्रोनने काढलेला उंच इमारतीचा फोटो. बँक म्हणाली, आधी आमचा व्हॅल्युअर, म्हणजे काम तपासून मूल्य ठरवणारा माणूस, साइटवर जाईल, मगच पैसे. बिल्डरच्या ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या, “सर, तोपर्यंत दंडव्याज लागेल. तुम्ही भरून टाका, बँकेकडून नंतर घ्या.” वडिलांची एफडी मोडून भरले.

व्हॅल्युअरच्या अहवालात एकच ओळ कामाची होती: नववा स्लॅब झालेला, दहाव्याचं सेंटरिंग (काँक्रीट ओतण्याआधीचे टेकू-फळ्या) चालू.

मी जाब विचारायला गेलो तेव्हा त्यांचा प्रोजेक्ट इंजिनिअर अगदी थंडपणे म्हणाला, “ते कॉस्ट प्रोग्रेस आहे, फिजिकल नाही.” म्हणजे 72 टक्के काम नव्हतं, 72 टक्के खर्च होता. त्यात जमिनीचे पैसे होते, लिफ्ट कंपनीला दिलेला ॲडव्हान्स होता, साइटवर नुसती पडून असलेली सळईसुद्धा होती. मीटरवर मात्र ‘प्रगती’ एवढंच लिहिलेलं.

आमच्याच विंगमध्ये फ्लॅट घेतलेले एक प्लॅनिंग इंजिनिअर आहेत. त्यांनी प्रिंट हातात घेतली आणि पहिल्यांदा खांबांच्या तळाशी बोट ठेवलं. उभा अक्ष शून्यापासून नव्हताच, 66 पासून सुरू होत होता. त्यामुळे 68 वरून 72 वर गेलेलं काम तिप्पट झाल्यासारखं दिसत होतं. मग त्यांनी आधीच्या वर्षीचा मासिक अहवाल मागितला. नशिबाने मेलमध्ये तो होता. दोन्हींत नियोजित कामाची निळी रेघ आणि प्रत्यक्ष कामाची नारिंगी रेघ. जुन्या अहवालात निळी रेघ डिसेंबरात संपत होती, नव्यात पुढच्या सप्टेंबरात. काम मागे पडलं की हे लोक वेळापत्रकच पुढे ढकलत होते, म्हणून दोन्ही रेघा कायम गळ्यात गळा घालून चाललेल्या. खरं तर वेळापत्रक सुधारलं तरी मूळ रेघ आलेखावर ठेवायची असते, नाहीतर उशीर दिसणार कुठे? आणि ड्रोनचा फोटो? त्यात माल चढवायची लिफ्ट इमारतीच्या डाव्या अंगाला होती. आमच्या बी विंगला ती उजवीकडे आहे. फोटो ए विंगचा होता.

खरा संताप याच्यापुढे आला. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून आम्ही आर्किटेक्टचं प्रमाणपत्र काढलं, ज्याला फॉर्म 1 म्हणतात. साधा, रंग नसलेला तक्ता: खोदकाम, प्लिंथ, स्लॅब, भिंती, प्लास्टर, प्रत्येकापुढे टक्के. त्याच तिमाहीत आमच्या विंगचे स्लॅब 60 टक्के, आतलं प्लास्टर 0. पंधरापैकी नऊ म्हणजे साठच. सरकारला सहीशिक्क्यानिशी खरं सांगायचं आणि गिऱ्हाइकाला हिरवा काटा दाखवायचा, याला मी तरी नजरचूक म्हणणार नाही. क्रमांक शोधत बसायचं नसेल तर 1 ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. तो स्कॅन केला तरी प्रकल्पाची माहिती उघडते.

बिल्डरने ‘पुढच्या हप्त्यांत वळते करतो’ असं तोंडी सांगितलं. व्याजाचं नाव नाही. आम्ही सहा जणांनी रेरा कायद्याच्या कलम 31 खाली तक्रारी टाकल्यात. दोन्ही अहवाल, व्हॅल्युअरची ओळ आणि फॉर्म 1 जोडलेत. सुनावणी व्हायचीय.

मधल्या काळात सी विंगवाल्यांना तसंच पत्र गेलं, या वेळी 64 टक्क्यांचं. तिथल्या दोघांनी पैसे न भरता नुसती मेल टाकली: ‘ही रक्कम करारातल्या कितव्या स्लॅबची आहे, तो कोणत्या तारखेला पडला, आणि त्याचं आर्किटेक्टचं प्रमाणपत्र जोडावं.’ प्रमाणपत्र आलं नाही. मागणीपत्र मागे घेतल्याची मेल मात्र आली.