परभणीतला फिजिओ: करंट कमी, मोजणी जास्त

मी मोंढ्यात आडतीवर दिवाणजी हाय, दिवसभर गादीवर मांडी घालून वह्या लिहायच्या, त्यामुळं कंबर कधी ना कधी धरणारच होती. पण यावेळेस पाच महिने झाले तरी सोडंना, डाव्या पायात पोटरीपर्यंत कळ. शेक झाला, गोळ्या झाल्या, गावाकडं जाऊन पाठ चोळून घेतली, एमआरआय पण काढला. त्यात एल4-एल5 डिस्क बल्ज निघाली, म्हणजे कंबरेच्या खालच्या दोन मणक्यांमधली गादी बाहेर फुगलेली, आन एका ठिकाणी सरळ सांगितलं की आता जड उचलणं आयुष्यभर बंद. मग मेव्हण्यानं ह्या फिजिओच्या मॅडमचं नाव सुचवलं, त्यांची पीएचडी चालूय, कंबरदुखीला कोणती ट्रीटमेंट किती लागू पडती ह्याच्यावरच.

पहिली तक्रार आधीच लिहितो. क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर आन लिफ्ट बंद. कंबरवाल्या पेशंटला दोन जिने चढायला लावायचे म्हणजे कमालच हाय. वर पोचेस्तोवर निम्मी तपासणी आपोआप होती.

पण वर गेल्यावर मॅडमनी पहिल्यांदा हात नाही लावला, फॉर्म दिला. मराठीतच होता, 10 प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 5 मार्क, किती वेळ बसता येतं, उभं राहता येतं, झोप कशी, वजन उचलता येतं का, प्रवास जमतो का असं. ऑस्वेस्ट्री म्हणतात त्याला, 1980 पासून जगभर चालतो. आठवा प्रश्न नवरा-बायकोच्या संबंधाचा होता, समोर विद्यार्थिनी बसलेली, मी तो कोराच सोडला. मला वाटलं फॉर्म बाद होईल, तर मॅडम म्हणल्या, "राहू द्या दादा, 50 ऐवजी 45 नं भागू." मला 45 पैकी 21 आले, म्हणजे 47 टक्के. ह्या फॉर्मात मार्क जितके जास्त तितकं वाईट, आन 40 च्या पुढं गेलं की गंभीर धरतात.

मला हे लई आवडलं, कारण आमच्याकडं सोयाबीन आलं की पहिले मशीन लावून ओलावा बघतात, 12 च्या वर गेला की कटती, हाताला कोरडं लागलं म्हणून कुणी भाव देत नाही. आन दवाखान्यात मात्र "कसं वाटतंय? बरंय?" एवढ्यावरच काम चालतं.

एमआरआयचं विचारलं तर म्हणल्या, ज्यांना काहीच दुखत नाही अशा लोकांचे एमआरआय तपासलेले अभ्यास एकत्र करून 2015 ला छापलेत, त्यात विशीतल्या 30 टक्के आन चाळिशीतल्या 50 टक्के लोकांना बल्ज निघाली. मी 44 चा. त्या रात्री झोप बरी लागली.

मग त्यांच्या पीएचडीच्या अभ्यासात येता का विचारलं. चार पानी संमतीपत्र वाचून दाखवलं, मधेच सोडलं तरी ट्रीटमेंट बंद होणार नाही हे दोनदा सांगितलं. कोणता गट ते बंद पाकिटातून निघतं, माझ्या वाट्याला नुसता व्यायाम आला, शेजारच्या टेबलवरच्या काकाला व्यायाम आन वरून करंट, म्हणजे मशीननं कंबरेला विजेचे हलके झटके. मोजणाऱ्या विद्यार्थिनीला गट माहीत नसतो आन आम्ही पण तिला सांगायचं नाही अशी ताकीद. मी म्हणलं एवढी भानगड कामून? तर म्हणल्या, "माणूस दवाखान्यात येतो कधी? दुखणं टिपेला गेल्यावर. तिथून ते थोडंफार उतरतंच, मग श्रेय कुणाला द्यायचं?" स्वतःच्या धंद्याबद्दल असं बोलणारं माणूस मी तरी पहिल्यांदाच बघितलं. अभ्यासाचा नंबर पण दिला, सीटीआरआय म्हणून असल्या अभ्यासांची सरकारी नोंद असती, मोबाईलवर फुकट दिसती, मी बघून घेतलं. आडतीवरची सवय.

व्यायाम म्हणजे पालथं झोपून हातावर छाती उचलायची, रोज चालायचं, आन अर्ध्या तासाच्या वर एका जागी बसायचं नाही. पालथ्या झोपायची गोष्ट पण भारी हाय, न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेन्झी नावाच्या फिजिओचा एक पेशंट 1956 ला डोक्याकडून वर केलेल्या टेबलावर चुकून पालथा पडून राहिला आन उठला तर पायाची कळ कमी, तिथून हे सुरू झालं. आमची माय मात्र नाराज, "मशीनच लावंना तर डॉक्टर कसला," हे तिचं रोजचं.

6 आठवड्यांनी परत फॉर्म, 45 पैकी 10, म्हणजे 22 टक्के. निदान 10 टक्क्यांचा फरक असला तरच सुधारणा धरतात, माझा 25 चा. पायाची कळ गेली, कंबर सकाळी अजून आखडती. करंटवाल्या काकाचे मार्क विचारले तर मॅडमनी हसून विषय बदलला.

पैशाचं म्हणाल तर पहिल्या तपासणीचे 300, अभ्यासात असल्यामुळं पुढं काही नाही, बाकीच्यांना एका सिटिंगचे 250. वेळ पाळत नाहीत, 5 चं सांगून पावणेसहाला आत घेतात, आन बाहेरची खुर्ची अशी की बसून बसून परत कंबर धरावी. पाचपैकी चार स्टार, एक लिफ्टचा कापला. झटपट मोकळं व्हायचं असंल तर जाऊ नका, घरी रोज व्यायाम केला का हे वहीत लिहून दाखवावं लागतं आन खोटं लिहिलेलं त्यांना बरोबर कळतं, दोनदा सापडलो.

पुढच्या महिन्यात 6 महिन्याचा फॉर्म भरायला बोलावलंय. आठवा प्रश्न तेव्हा पण कोराच राहणार.