फ्रीझरमध्ये गोठवायचं रबरी खेळणं, मार्च ते ऑगस्ट वापरून काय वाटलं

फेब्रुवारीत लॅबचं (लॅब्राडोर कुत्र्याचं) पिल्लू आणलं, दोन महिन्यांचं, नाव बंड्या. आणि मार्च लागला की सांगलीचं ऊन तुम्हाला माहितीच आहे. विश्रामबागला आमचं घर वरच्या मजल्यावर, दुपारी स्लॅब तव्यासारखा तापतो, बिचारा बाथरूमच्या ओल्या फरशीवर पोट टेकून धापा टाकत पडायचा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जे काय ते जीभ बाहेर काढूनच.

सुरवातीला मी शहाणा, सरळ बर्फाचे खडे दिले. कडाकडा फोडायचा, आम्हाला कौतुक. लसीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी झापलं, दुधाचे दात आहेत, कडक बर्फानं तुटतील. त्यांनी सांगितलेली खूण अजून पाळतो, गोठवलेल्या वस्तूत नख दाबलं तर थोडंतरी रुतलं पाहिजे, नाहीतर पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवून मग द्यायचं.

मग हे पोकळ रबरी खेळणं घेतलं. दोन्हीकडून भोक असलेलंच घ्या, एकाच बाजूला असलं तर चाटताना आतली हवा ओढली जाऊन जीभ अडकू शकते. खालच्या भोकात गाजराचा तुकडा दाबायचा, स्टीलच्या पेल्यात उभं करून भरायचं आणि रात्रभर फ्रीझरला. मी बिनसाखरेचं दही आणि उकडलेला लाल भोपळा कालवून भरतो, कधी बी काढलेलं कलिंगड. पहिल्या दिवशी हौसेनं वाटीभर दही घातलं, रात्री तीनदा फरशी पुसली. आता दोन चमचे, बास. चिकनचं पाणीपण चालतं पण आपल्या रश्श्यातलं नाही हं, कांदा लसूण मीठ काहीच नको, वेगळंच उकडायचं. पीनट बटर घालणार असाल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) आहे का बघा, ते कुत्र्याला विष आहे. आणि जेवढं यातून जातं तेवढं जेवणातलं कमी करायचं नाहीतर लॅबचा ड्रम होतो.

आता खरा घोळ. एप्रिलमध्ये मावशी तासगावहून आली, नवीन बेदाणा घेऊन. आमच्या घरी पाहुण्याच्या हातावर आधी बेदाणेच ठेवतात, तिनं प्रेमानं बंड्याच्या दह्यातपण चार टाकले. मी बघेपर्यंत दोन पोटात! द्राक्षं-बेदाण्यानं कुत्र्याची किडनी जाऊ शकते, आणि कुणाला कितीनं होईल ते सांगता येत नाही म्हणून एकसुद्धा नको. लगेच डॉक्टरांना फोन, तसाच गाडीवर घालून नेला, उलटी करवली, दोन दिवस लघवीवर लक्ष. वाचला. मावशी अजून म्हणते, एवढ्याशानं काय होतंय. सांगलीत राहून बेदाण्यापासून कुत्रं लांब ठेवणं हेच अवघड काम आहे ओ.

बाकी वस्तू चांगली आहे. वीस-पंचवीस मिनिटं गप्प चाटत बसतो, दात येताना हिरड्या शिवशिवायच्या तेव्हा तर लयच उपयोग झाला, खुर्चीचे पाय वाचले. तक्रार म्हणजे धुणं, आतलं दही वाळलं की निघत नाही, बाळाच्या बाटलीचा ब्रश आणावा लागला. वितळलेलं सांडलं की मुंग्या येतात, म्हणून जुनं पोतं अंथरतो. लाइट गेली आणि फ्रीझरमधलं वितळलं तर ते टाकून द्या, परत गोठवू नका.

एक समजून घ्या, हा उन्हावरचा इलाज नाही. पाणी, सावली, पंखा पाहिजेच आणि फिरायला सकाळी लवकर. जोरजोरात धापा, घट्ट लाळ, हिरड्या लालभडक, चालताना झोकांड्या असं दिसलं तर खायला काही देत बसू नका, अंगावर नळाचं पाणी ओता, पंख्याखाली घ्या आणि थेट दवाखाना गाठा.

पिल्लू लहान म्हणून मी लहान साइझ घेतला ती चूक माझीच. मे महिन्यात अख्खं तोंडात जायला लागलं, घशात अडकायच्या भीतीनं मोठं घ्यावं लागलं, परत पैसे. लहान तसंच पडून आहे, कुणाकडं छोट्या जातीचं कुत्रं असेल तर घेऊन जा, थोडं चावलेलं आहे एवढंच.