जुन्या गाडीची बॅटरी आपोआप उतरत होती: डीसी क्लॅम्प मीटरचा काही महिन्यांचा अनुभव

क्लॅम्प मीटर, म्हणजे वायर न तोडता तिच्याभोवती जबडा मिटून करंट मोजणारं मीटर, घेताना सगळ्यात आधी पाहायचं ते हे, की ते डीसी करंट मोजतं का आणि किती लहान करंटपर्यंत मोजतं. वायरिंगच्या कामासाठी मिळणारी बरीच स्वस्त मीटर फक्त एसी मोजतात. त्यांच्या जबड्यात ट्रान्सफॉर्मर असतो, आणि बॅटरीतून एकाच दिशेने वाहणारा करंट त्याला दिसतच नाही. अशा एकाच दिशेच्या (डीसी) करंटसाठी हॉल सेन्सर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र ओळखणारा सेन्सर, लागतो. त्यातही ज्या मीटरची डीसी रेंज शेकडो अँपिअरपासून सुरू होते, त्यांचा शेवटचा आकडा ०.१ अँपिअरचा असतो. गाडी बंद असताना होणारी करंटची गळती बहुतेक वेळा त्याच्याही खालीच लपलेली असते. माझ्या मीटरची सगळ्यात लहान रेंज १ मिलिअँपिअरपर्यंत दाखवते, आणि ते घेण्यामागे तेवढंच एक कारण होतं.

गाडी जुनी, बॅटरी ४५ अँपिअर-अवरची आणि जवळजवळ नवी. रोज चालवली तर काहीच तक्रार नाही. चार-पाच दिवस उभी राहिली की सेल्फ फिरत नसे. इंजिन चालू असताना टर्मिनलवर १४.२ व्होल्ट मिळत होते, म्हणजे चार्जिंग ठीक होतं. रात्रभर विश्रांतीनंतर १२.६ व्होल्ट दाखवणारी बॅटरी दोन दिवसांत १२.३ वर यायची. म्हणजे गाडी बंद असतानाही कुठेतरी करंट चालू होता. अशा वेळी ‘बॅटरी बदलून टाका’ हा सल्ला लगेच मिळतो, आणि मला तो अजिबात पटत नाही. गळती तशीच ठेवून बॅटरी बदलली, तर नवी बॅटरीही पुन्हा पुन्हा पूर्ण उतरते. लेड-अॅसिड बॅटरीच्या प्लेटवर सल्फेट साचतं आणि चांगली बॅटरी अकाली मरते.

बंद गाडी थोडा करंट घेतेच. घड्याळ, ईसीयूची (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरची) मेमरी, रिमोट लॉकचा रिसीव्हर यांना तो लागतो. साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर चिंता नसते. दिवसाला १.२ अँपिअर-अवर जातात आणि ४५ ची बॅटरी दोन-अडीच आठवडे तरी तग धरते. माझ्या गाडीत सगळं शांत झाल्यावर आकडा १९० मिलिअँपिअरवर थांबला. दिवसाला साडेचार अँपिअर-अवर, पाच दिवसांत निम्मी बॅटरी. लक्षणाशी हिशेब तंतोतंत जुळला.

हे साध्या मल्टिमीटरनेही मोजता येतं: निगेटिव्ह टर्मिनल काढायचं आणि मीटर मध्ये जोडायचं. पण टर्मिनल काढलं की गाडीतली सगळी मॉड्यूल (छोटे इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर) बंद पडून नव्याने सुरू होतात. एखादं मॉड्यूल अडकल्यामुळे गळती होत असेल तर ती त्या क्षणी नाहीशी होते, आणि मग शोधायचं काय? शिवाय मीटर जोडलेलं असताना कुणी चावी फिरवून सेल्फ मारला, तर मीटरचा १० अँपिअरचा फ्यूज गेलाच. क्लॅम्पला काहीही सुटं करावं लागत नाही. माझ्या लेखी त्याची खरी किंमत हीच आहे.

मोजण्याची पद्धत सांगतो, कारण मीटर कितीही चांगलं असलं तरी इथे घाई केली तर आकडा खोटा येतो. बॉनेट आणि दरवाजा उघडा ठेवायचा, पण त्यांची कुलपं स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद करायची, म्हणजे गाडीला सगळं बंद आहे असं वाटतं. मोजून झाल्यावर दरवाजा आपटण्याआधी ती पुन्हा उघडायला विसरू नका. चावी लांब ठेवायची. निगेटिव्ह टर्मिनलवर येणाऱ्या सगळ्या वायर एकत्र जबड्यात घ्यायच्या. एक बारीक वायर बाहेर राहिली तरी मोजमाप अपुरं. आणि मग थांबायचं. सुरुवातीला काही अँपिअर दिसतात, ते टप्प्याटप्प्याने उतरतात. माझी गाडी साधारण वीस मिनिटांत झोपते. काही गाड्या तासभर घेतात.

१९० मधला मोठा वाटा कुठला, हे फ्यूज न काढता शोधलं. एकेक फ्यूज उपटला तर झोपलेली मॉड्यूल जागी होऊ शकतात आणि पुन्हा पहिल्यापासून थांबावं लागतं. ब्लेड फ्यूजच्या पाठीवर धातूचे दोन उघडे ठिपके असतात. मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून त्या दोघांना टोकं लावायची. १० अँपिअरच्या फ्यूजचा रोध सात-आठ मिलिओहम असतो, म्हणजे १ मिलिव्होल्ट दिसला तर साधारण १३० मिलिअँपिअर वाहतोय. स्टिरिओच्या फ्यूजवर १.२ आलं. स्टिरिओ नंतर बसवलेला होता, आणि बसवणाऱ्याने त्याची पिवळी आणि लाल वायर एकत्र पिळून थेट बॅटरीच्या सप्लायला जोडली होती. पिवळी कायमच्या सप्लायची, लाल इग्निशनची. एकत्र केल्यावर स्टिरिओला गाडी बंद झाली हे कळायला मार्गच राहत नाही. वेगळ्या केल्या आणि क्लॅम्पवर २८ आले.

इथे काम संपायला हवं होतं. पण काही आठवड्यांनी एका सकाळी सेल्फ पुन्हा जड फिरला. मोजलं तर २८ च. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: अधूनमधून होणारी गळती एका मोजमापात सापडत नाही. मीटर ‘मॅक्स’वर ठेवून रात्रभर लावलं. सकाळी मॅक्स ४८० होता, पण केव्हा आणि किती वेळ, हे ते सांगत नाही. म्हणून पुढच्या रात्री साधं वाचन चालू ठेवून डिस्प्लेसमोर मोबाइल टाइमलॅप्सवर लावला आणि शेजारी मंद दिवा ठेवला. त्यात स्पष्ट दिसलं: बराच वेळ २८, मग अचानक ४८० वर उडी, काही मिनिटं तसंच, आणि परत खाली. म्हणजे गाडी मधेच जागी होत होती.

जागं असताना पुन्हा मिलिव्होल्ट तपासले तर बोट बॉडी कंट्रोल मॉड्यूलच्या (दिवे, लॉक वगैरे सांभाळणाऱ्या मॉड्यूलच्या) फ्यूजकडे गेलं. मॉड्यूल महाग असतं आणि संशय आधी त्याच्यावर घेतला जातो, पण जागं राहायला त्याला कुणीतरी सांगत असतं. एकेका दरवाजाचा कनेक्टर सोडवून रात्र काढली. मागच्या डाव्या दरवाजाच्या लॉकमधला मायक्रोस्विच घाणीने अडखळत होता आणि बंद दरवाजा उघडा असल्याचं कळवत होता. लॉक बदललं, त्यानंतर आकडा २६ ते ३० मध्ये स्थिर आहे आणि गाडी दहा-बारा दिवस उभी राहूनही पहिल्या फटक्यात सुरू होते.

आता मीटरच्या मर्यादा. हॉल सेन्सरवर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचाही परिणाम होतो. ज्या जागी आणि ज्या दिशेने मोजायचं, तिथेच रिकामा जबडा मिटून झीरो करावं लागतं. मीटर नुसतं वळवलं तरी माझ्याकडे दहा-पंधरा मिलिअँपिअरचा फरक पडतो. रात्रीतून तापमान बदललं की झीरो सरकतो. त्यामुळे ४८० पकडायला ते उत्तम, पण २० आणि ३५ मधला फरक ठरवायचा असेल तर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. बारीक वायर असेल तर ती जबड्यातून पाच वेळा गुंडाळून आलेल्या आकड्याला पाचाने भागावं, मग चूकही तेवढीच लहान होते. सेल्फ मारण्याआधी जबडा काढून ठेवावा, कारण शेकडो अँपिअर जाऊन गेले की त्यात चुंबकत्व राहतं आणि झीरो बिघडतो. मीटर थोड्या वेळाने आपोआप बंद होतं. चालू करताना एक बटण दाबून धरलं की ती सोय थांबते, पण हे पुस्तिकेत अगदी शेवटच्या पानावर दिलंय. जबडाही जेमतेम आहे. जाड केबल आणि सोबतच्या दोन बारीक वायर कशाबशा मावतात.

फ्यूजबॉक्समध्ये काहीच सापडत नसेल तर अल्टरनेटरकडे, म्हणजे इंजिनवर चालून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरकडे, जा. त्याची जाड वायर बहुतेक गाड्यांत नेहमीच्या फ्यूजमधून न जाता थेट बॅटरीकडे येते. आतला एखादा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गळका झाला तर तो बॅटरी उलट्या दिशेने रिकामी करतो, आणि चार्जिंग मात्र बऱ्यापैकी ठीक दिसत राहतं. इंजिन बंद ठेवून त्या वायरला क्लॅम्प लावला की आकडा शून्याच्या आसपास यायला हवा. ओळखीतल्या एका गाडीत तिथे ६०० मिलिअँपिअर निघाले. त्या गाडीचा स्टिरिओ, अलार्म आणि दोन रिले त्याआधीच बदलून झाले होते.