नाशिक जिल्ह्यातील पावसाच्या अंदाजासाठी जीस्टॅट : अनेक महिन्यांच्या वापरानंतर

सिन्नर-येवला पट्ट्यातील शेततळ्यांच्या पाण्याचा ताळेबंद मांडताना, पर्जन्यमापक नसलेल्या गावांत किती पाऊस झाला असेल हे मंडळनिहाय नोंदींवरून ठरवावे लागते. या कामासाठी ‘आर’ या संख्याशास्त्रीय संगणकभाषेतील जीस्टॅट हे मोफत पॅकेज मी गेले अनेक महिने वापरत आहे आणि माझे मत निश्चितपणे अनुकूल आहे, मात्र त्याच्या साध्या मांडणीवर विसंबून नाशिकचा नकाशा काढू नये, असे आग्रहाने सांगावेसे वाटते.

आसपासच्या नोंदींना कमी-अधिक भार देऊन मधल्या जागेचा अंदाज काढण्याच्या, जीस्टॅटमधील क्रिगिंग या पद्धतीचे मूळ दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींवर डॅनी क्रिग यांनी १९५१ मध्ये केलेल्या कामात आहे. तिच्या साध्या प्रकारात, म्हणजे ऑर्डिनरी क्रिगिंगमध्ये, सगळ्या प्रदेशाची सरासरी एकच धरतात. आपल्याकडे इगतपुरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर पर्जन्यछायेतील येवल्यात तो ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो. तेव्हा हे गृहीतक इथे टिकणे शक्यच नाही. व्हेरिओग्राम, म्हणजे दोन ठिकाणांतील अंतरानुसार त्यांच्या पावसातला फरक कसा वाढतो याचा आलेख, काढताच ते डोळ्यांना दिसते : अंतर वाढेल तसा आलेख चढतच जातो, कुठे सपाट होत नाही. घाटमाथ्यापासूनचे अंतर सूत्रात घेतले की उरलेल्या फरकाचा आलेख मात्र स्थिरावतो, आणि मग असा बदलता कल धरणाऱ्या युनिव्हर्सल क्रिगिंगने काढलेला नकाशा पूर्वेकडच्या गावांना पटण्याजोगा वाटतो.

व्हेरिओग्रामला वक्र बसवताना हे पॅकेज जवळच्या अंतरांना आणि जास्त जोड्या असलेल्या गटांना अधिक भार देते, हे मला योग्य वाटते. नगेट (शून्याजवळच्या अंतरालाही उरणारा फरक), सिल (आलेख सपाट होतो ती पातळी) आणि रेंज (तो सपाट होतो ते अंतर) यांची सुरुवातीची मूल्ये विसंगत असतील, तर २०० आवर्तनांनंतरही उत्तर स्थिरावले नाही असा इशारा येतो. अशा वेळी सिल आकडेवारीच्या विचरणाइतका (व्हेरियन्सइतका) आणि रेंज आलेख वाकतो तिथली धरून पुन्हा चालवल्यास बहुधा निभावते.

सर्वांत मोलाचे म्हणजे अंदाजासोबत मिळणारे क्रिगिंग विचरण, म्हणजे अंदाज किती चुकू शकतो याचे माप, कारण त्यामुळे शेतकऱ्यांना आकड्याबरोबर त्याचा भरवसाही सांगता येतो. परंतु व्हेरिओग्राम एकदा ठरला की हे विचरण पर्जन्यमापक केंद्रांच्या जागांवरून ठरते, त्या दिवशी कुठे किती पडला यावरून नव्हे. एका शिवारात धो-धो आणि शेजारी कोरडे, अशा वळवाच्या पावसात ते फसवे निघते. म्हणून मी एकेक केंद्र वगळून पडताळणी केल्याशिवाय कोणताही नकाशा गावाच्या हाती देत नाही.