दोन भागांची कोलोस्टॉमी पिशवी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेत वडिलांच्या पोटावर स्टोमा, म्हणजे मल बाहेर पडण्यासाठी आतड्याची पोटावर काढलेली वाट, करावा लागला, तेव्हापासून गेले आठ महिने आम्ही दोन भागांची पिशवी वापरत आहोत. हायड्रोकोलॉइडची (ओलावा शोषणाऱ्या चिकट पदार्थाची) चकती त्वचेवर चिकटून राहते आणि पिशवी तिच्या कड्यावर दाबून बसवता येते; त्यामुळे पिशवी बदलताना दर वेळी कातडी ओढली जात नाही, आणि माझ्या मते या रचनेचे खरे मोल यातच आहे. १९५४ साली डेन्मार्कमधील परिचारिका एलिसे सोरेन्सन यांना स्वतःच्या बहिणीसाठी चिकटणाऱ्या पिशवीची कल्पना सुचली, हे वाचल्यावर मला त्यांच्याविषयी फार कृतज्ञता वाटली.

चकतीचे भोक स्टोमापेक्षा २ ते ३ मिलिमीटरच मोठे कापावे लागते. सुरुवातीला आम्ही ते सैल कापले आणि मल त्वचेवर झिरपून वडिलांना असह्य आग झाली. शस्त्रक्रियेनंतरचे काही आठवडे स्टोमा आकसत जातो, म्हणून माप पुन्हापुन्हा घ्यावे. पिशवीतली कोळशाची गाळणी वास उत्तम अडवते. मात्र ती भिजली की निकामी होते.

अकोल्याच्या उन्हाळ्यात घामाने चकतीच्या कडा सुटतात, ही मोठी उणीव आहे. शिवाय उकिडवे बसून पिशवी रिकामी करणे वडिलांना अवघड जाते आणि पायजम्याची नाडी नेमकी कड्यावर येते. या सवयी ध्यानात घेऊन कड्याची उंची कमी केली आणि खालचे तोंड थोडे लांब ठेवले, तर मी हीच पिशवी निःशंकपणे सुचवेन.