कोंबड्यांसाठीचे फ्लोट कप: आंधळ्या कोंबडीसोबत सात महिन्यांचा वापर

गेल्या दिवाळीनंतर मी ऑनलाइन बाजारातून कोंबड्यांना पाणी पाजण्याच्या फ्लोट कपांचा चार नगांचा संच ३४० रुपयांना मागवला. घरच्या अकरा कोंबड्यांसाठी म्हणून तो घेतला असला, तरी खरी गरज त्यांपैकी एकीचीच होती. कवडी नावाची ही गावठी कोंबडी मागच्या पावसाळ्यात कोंबड्यांच्या देवीच्या साथीत सापडली. तिच्या पापण्यांवर खपल्या धरल्या, खपल्यांखाली पू झाला आणि पशुवैद्यकांनी दिलेले मलम नेमाने लावूनही तिचे दोन्ही डोळे गेले. देवीची लस वेळेवर टोचून घेतली नाही, हा दोष सर्वस्वी माझा.

आंधळ्या कोंबडीला दाणे भरवणे फारसे कठीण नसते. खोलगट थाळा भरून रोज ठरलेल्या जागी ठेवला की ती त्यात चोच खुपसत राहते, आणि तिन्हीसांजेला गळ्याखालची पिशवी चाचपून पाहिली की पोट भरले की नाही ते समजते. पाण्याचे तसे नाही. अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहून पुष्कळ अधिक, आणि एखादा दिवस जरी पाणी तुटले तरी अंडी बंद होतात. दृष्टी गेल्यानंतरही कवडी अंडी देत राहिली, याचे शेजाऱ्यांना नवल वाटते. वास्तविक कोंबडीच्या मेंदूतील काही पेशींना कवटीतून झिरपणारा उजेड थेट जाणवतो आणि अंडी घालण्याचे चक्र त्यावर चालू राहते. त्यामुळे तिची पाण्याची गरज तसूभरही कमी झालेली नव्हती.

आमच्याकडे आधी उलट्या बरणीचे प्लास्टिकचे भांडे होते. डोळस कोंबड्यांच्या धक्क्याने ते दिवसभर इकडेतिकडे सरकत असे. काल पाणी जिथे होते तिथेच कवडी आज चोच बुडवायला जाई, आणि भांडे वीतभर जरी हलले असेल तरी कोरड्या मातीत चोच आपटून मान आखडून गप्प उभी राहत असे. पुढे निपल, म्हणजे टोच मारली की पाणी सोडणारी बारीक तोटी, लावून पाहिले. निपलच्या टोकाशी चकाकणारा थेंब दिसला तर कोंबडी त्यावर टोच मारते. जिला थेंबच दिसत नाही तिला ते उपकरण निरुपयोगी ठरते.

कप घेतानाही येथेच एक खाच आहे. बाजारात दोन प्रकारचे कप मिळतात आणि छायाचित्रात ते जवळजवळ सारखेच दिसतात. एका प्रकारात कपाच्या तळाशी पिवळी पट्टी असते व ती चोचीने ढकलल्याशिवाय पाणी येत नाही. दुसऱ्यात लहानसा फ्लोट असतो, पाणी कमी झाले की तो खाली बसतो, व्हॉल्व्ह उघडतो आणि कप आपोआप भरतो. आंधळ्या कोंबडीसाठी फक्त हा दुसरा प्रकार घ्यावा. विक्रेत्याच्या वर्णनात ‘सर्व पक्ष्यांसाठी उपयुक्त’ एवढाच मोघम मजकूर होता, त्यामुळे फ्लोट आहे की नाही हे मला छायाचित्र मोठे करून शोधावे लागले.

जोडणी सोपी आहे. रंगाची वीस लिटरची रिकामी बादली स्वच्छ करून कठड्यावर ठेवली, खाली अर्ध्या इंचाचा पाइप जोडला आणि आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून कप बसवले. गच्चीवरच्या टाकीला ते थेट जोडू नयेत, कारण हा व्हॉल्व्ह कमी दाबाचा असून टाकीच्या दाबाने कप भरून वाहू लागतात. कप साधारणपणे कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर लावतात. कवडीचा कप मात्र मी छातीच्या उंचीवर लावला, म्हणजे चालता चालता कपाची कड छातीला लागते आणि मान खाली केली की चोच पाण्यात जाते. त्याखाली जांभ्याचा एक चपटा चिरा पुरला. भोवती सगळीकडे भाताचे तूस आणि मध्येच पायाखाली खरखरीत दगड, एवढ्या खुणेवर ती जागा ओळखते.

पहिले चार दिवस मी नखाने कपावर टकटक करून तिची चोच पाण्याला लावत होतो. पाचव्या दिवशी जे घडले त्याचा उल्लेख कोणत्याही जाहिरातीत नाही. शेजारच्या कपातून दुसरी कोंबडी पाणी प्यायली, कप पुन्हा भरू लागला आणि त्या बारीक खळखळीच्या दिशेने कवडीने मान वळवली. आधी एक पाय, मग दुसरा, असे चाचपत ती चिऱ्यावर आली आणि स्वतःच्या कपातून प्यायली. पाणी भरण्याचा हा आवाज या उपकरणाचा सर्वांत मोठा गुण आहे, असे मी म्हणेन.

दोषही आहेत आणि ते किरकोळ नाहीत. कणीचा ओलसर भरडा खाऊन आलेल्या चोचीतले कण फ्लोटखाली अडकतात आणि व्हॉल्व्ह उघडाच राहतो, म्हणून कप दिवसाआड काढून घासावे लागतात आणि खाण्याचा थाळा कपापासून दूर ठेवावा लागतो. चारपैकी एक कप पहिल्याच दिवसापासून गळत होता. विक्रेत्याने तीन वेळा छायाचित्रे मागवली, पण बदली कप काही दिला नाही. अशी गळती चालवून घेणे योग्य नव्हे, कारण ओल्या तुसातून उठणारा अमोनिया डोळस कोंबड्यांच्याही डोळ्यांना झोंबतो. शेवटी सायकलच्या जुन्या ट्यूबचा वॉशर कापून मी तो कप दुरुस्त केला.

दांडगाईवर मात्र कोणताही कप उपाय नाही. वरचढ कोंबडी अंगावर आली की बाकीच्या बाजूला होतात. कवडीला तिचा पवित्राच दिसत नसल्याने ती जागची हलत नाही आणि विनाकारण टोच खाते. म्हणून एक कप जाळीच्या आडोशात लावून तिथे तिच्यासोबत फक्त एक म्हातारी, शांत कोंबडी ठेवली आहे. जाळीपलीकडचे आवाज कानावर पडत असल्याने ती कळपापासून तुटल्यासारखी राहत नाही.

पाचपैकी साडेतीन गुण देईन. कोंबड्या दिवसभर मोकळ्या फिरत असतील आणि सगळ्या डोळस असतील, तर मातीचे जड परळ स्वस्तात तेच काम करते. संचात बादलीचे झाकण येत नाही, ते मात्र आधीच शोधून ठेवावे. मे महिन्यात मी आठवडाभर बादली उघडी ठेवली आणि तिच्यात डासांच्या अळ्या वळवळताना दिसल्या. कवडीचे डोळे ज्या देवीने नेले, ती डासांमार्फतही पसरते.